कणसाच्या ओळी आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे



ऑगस्टच्या सहलीत आपण शेगडीवर मक्याची कणसे भाजली होती, ती आठवतात ना? दुसरीच्या वर्गातल्या मुलांनी कणसे सोलता सोलता दाण्यांच्या ओळी मोजायला सुरुवात केली. कुणाच्या चौदा, कुणाच्या सोळा, एका कणसाच्या तर अठरा. थोड्या वेळाने एका मुलीच्या लक्षात आले की एकही आकडा विषम येत नाही. आम्हाला हे पटेना. विषम ओळींचे कणीस जो शोधून दाखवील त्याला आमच्या वाटणीचे श्रीखंड, अशी पैज आम्ही लावली. तीन डझन कणसे तपासून झाली आणि श्रीखंड आमचे आम्हालाच खावे लागले.

ओळी नेहमी सम का, हे मात्र आम्हाला सांगता आले नाही. आम्ही पडलो इंजिनिअर. दिवसभर संगणकापुढे बसणारे. जीवशास्त्राचे पुस्तक बारावीनंतर जे मिटले ते मिटलेच. मुलांनी प्रश्न विचारला आणि आपल्याला उत्तर येत नाही, म्हणजे वाचनालयात जाणे आले. तिथे मेक्सिकोतल्या मक्याविषयी वाचत असताना एक नाव समोर आले आणि आम्ही खुर्चीत सरळ बसलो. पांडुरंग सदाशिव खानखोजे. शाळेत क्रांतिकारकांच्या यादीत हे नाव आम्ही पाठ केले होते. गदर पक्ष, एक गुण. पण हे गृहस्थ मक्याचे संशोधक होते, आणि आपल्या बीव्हर्टनहून गाडीने दीड तासावर असलेल्या कॉर्व्हालिसला शिकले होते, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. म्हणून यावेळच्या अंकात त्यांची ओळख.

खानखोजे यांचा जन्म नोव्हेंबर १८८४ मधला. लहानपण वर्ध्याला गेले आणि पुढचे शिक्षण नागपूरला झाले. ते बारा ते सोळा वर्षांचे असताना मध्य प्रांतावर दोन मोठे दुष्काळ पडले, एक १८९६-९७ चा आणि दुसरा १८९९-१९०० चा. शेतात पीक नाही, घरात दाणा नाही, अशी माणसे त्या मुलाने पाहिली नसतील असे होणे शक्य नाही. पुढे बंदूक हाती घेणाऱ्या या माणसाने शिकायला शेतकी हा विषय का निवडला, याचे मूळ तिथे असावे असा आमचा अंदाज आहे. अंदाजच, कारण त्या वयात त्यांच्या डोक्यात मुख्य विषय होता तो स्वातंत्र्याचा. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी विदर्भातली मुले भारावलेली होती आणि हा मुलगा त्यांतलाच. इंग्रजांना घालवायचे तर लढाईचे शास्त्र शिकले पाहिजे, आणि ते हिंदुस्थानात कुणी शिकवणार नाही, म्हणून परदेश गाठायचा, असे त्याने ठरवले.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते बोटीने निघाले आणि जपानमार्गे सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. आपल्यापैकी बहुतेक पालक इथे आले ते हातात प्रवेशपत्र आणि व्हिसा घेऊन. विमानतळावर न्यायला कुणी मित्र आलेला असे. त्या काळी आलेल्या हिंदी विद्यार्थ्याला फळबागेत, हॉटेलात, लाकडाच्या गिरणीत पडेल ते काम करून फीचे पैसे उभे करावे लागत. खानखोजे यांनी दोन शिक्षणे बरोबर चालवली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सॅन रफाएल गावी माउंट टॅमलपाइस नावाची लष्करी शाळा होती, तिथे ते कवायत आणि युद्धशास्त्र शिकले. शेतकी शिकायला ते ओरेगनला आले. कॉर्व्हालिसचे ओरेगन शेतकी महाविद्यालय म्हणजे आजचे ओरेगन स्टेट विद्यापीठ. आपल्या शाळेतली दोन मोठी मुले सध्या तिथेच शिकतात. पुढे ते वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन गावी गेले आणि १९१३ साली तिथल्या महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडले.

त्या वेळी आपल्या या भागात पंजाबी मजूर बरेच होते. पोर्टलंडच्या सेंट जॉन्स भागात, कोलंबिया नदीच्या काठाने थेट अॅस्टोरियापर्यंत, लाकडाच्या गिरण्यांमध्ये ते राबत. सेंट जॉन्सला १९१० साली त्यांच्यावर गोऱ्या जमावाने हल्लाही केला होता. या मजुरांमध्ये काशीराम आणि सोहनसिंग भकना यांच्यासारखी माणसे होती. कॉर्व्हालिसचा हा मराठी विद्यार्थी त्यांच्यात मिसळला. १९१३ साली अॅस्टोरियाला जी सभा झाली, तिच्यातून पुढे गदर पक्ष उभा राहिला आणि खानखोजे त्याच्या संस्थापकांपैकी एक झाले. अॅस्टोरिया म्हणजे आपण दर उन्हाळ्यात समुद्रावर जाताना जिथे पुलाचे फोटो काढतो तेच गाव. २०१३ साली त्या गावाने या घटनेची शताब्दी साजरी केली. आम्ही तेव्हा इथेच होतो, पण आम्हाला पत्ताच नव्हता.

महायुद्धाच्या काळातली त्यांची धावपळ हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, म्हणून इथे थोडक्यात. युद्ध १९१४ साली सुरू झाले, तशी गदरची माणसे लढायला मायदेशी निघाली. काशीरामांना १९१५ साली लाहोरला फाशी झाली. खानखोजे युरोपमार्गे तुर्कस्तान आणि इराणकडे गेले, तिथून हिंदुस्थानच्या सीमेकडे सरकण्याचा प्रयत्न केला आणि इराणी लढवय्यांबरोबर इंग्रज फौजेशी लढले. तो बेत फसला. युद्ध संपल्यावर बर्लिन आणि मॉस्को झाले. इंग्रज सरकारच्या यादीत नाव चढलेले, त्यामुळे घरी परतणे म्हणजे तुरुंग किंवा त्याहून वाईट. चाळिशीला आलेला, भरपूर हिंडलेला, हाती पैसा नसलेला माणूस. अशा वेळी त्यांना कॅलिफोर्नियातले जुने मेक्सिकन मित्र आठवले. मेक्सिकोत १९१० ला सुरू झालेली क्रांती नुकतीच शांत होत होती. १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगो इथल्या राष्ट्रीय शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले. शिकवायचे स्पॅनिशमध्ये, तेव्हा आधी ती भाषा शिकणे आले.

आता आपण आपल्या कणसाकडे वळू, कारण खानखोजे यांची पुढची वर्षे त्यातच गेली.

मेक्सिको हे मक्याचे माहेर. सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात तिथल्या माणसांनी एका रानटी गवतापासून मका घडवला. त्या गवताचे नाव तिओसिंते. मुलांनो, तिओसिंतेचे कणीस तुम्ही पाहिले तर त्याला कणीस म्हणणार नाही. बोटाएवढे लांब, त्यात पाच ते बारा दाणे, तेही दोनच रांगांत, आणि प्रत्येक दाण्यावर दगडासारखे कठीण कवच. पिकले की दाणे गळून मातीत पडतात. मक्याचे दाणे मात्र आपोआप कधी पडत नाहीत. माणसाने सोलून पेरले नाहीत तर मका स्वतःच्या बळावर पुढची पिढी काढू शकत नाही, इतका तो आपल्यावर अवलंबून आहे.

आणि इथेच आमच्या श्रीखंडाचे उत्तर आहे. कणसावर जिथे दाणा धरतो तिथे फुले जोडीने येतात. तिओसिंतेमध्ये जोडीतले एक फूल खुंटते आणि एकच दाणा होतो. मक्यात दोन्ही फुले दाणा धरतात. म्हणजे ओळी जोडीनेच वाढणार: बारा, चौदा, सोळा. विषम होणार कशा? जाता जाता आणखी एक गंमत. कणसाच्या टोकाला जे रेशमासारखे केस असतात, त्यांतला प्रत्येक केस आत एकेका दाण्याशी जोडलेला असतो. तुऱ्यातला एक परागकण वाऱ्याने उडून त्या केसावर बसला, तरच तो दाणा भरतो. तुमच्या कणसात मध्येच रिकामी जागा दिसली, तर समजा की तिथल्या केसाला परागकण मिळाला नाही.

तिओसिंते हाच मक्याचा पूर्वज, हे आज ठामपणे सांगता येते. पण खानखोजे चापिंगोला होते तेव्हा शास्त्रज्ञांमध्ये त्यावर कडाक्याचा वाद होता. दोघांचे रूप इतके वेगळे की पुष्कळांना ते खरे वाटत नसे. जॉर्ज बीडल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात तिओसिंतेचा पक्ष घेतला. पुढे त्यांना दुसऱ्या कामासाठी नोबेल मिळाले. निवृत्तीनंतर त्यांनी मेक्सिकोत मका आणि तिओसिंते यांचा संकर करून दुसऱ्या पिढीची सुमारे ५० हजार झाडे वाढवली. त्यांत साधारण पाचशेत एक झाड थेट मक्यासारखे आणि तितकेच एक थेट तिओसिंतेसारखे निघाले. सहावी-सातवीतल्या मुलांनी आता वही काढा. एका गुणाबाबत आजी-आजोबांपैकी एकासारखेच हुबेहूब होण्याची शक्यता चारात एक. असे चार गुण असले तर चार गुणिले चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे २५६ त एक. पाच असले तर १०२४ त एक. पाचशे हा आकडा या दोहोंच्या मधला. म्हणजे गवताचा मका व्हायला चार-पाच मोठे फरक पुरले. आम्हाला हे गणित इतके आवडले की रात्री जेवताना घरच्यांना दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा कुणी ऐकले नाही.

हा वाद मिटण्याच्या पुष्कळ आधी खानखोजे चापिंगोच्या शेतात मक्याचा तिओसिंतेशी संकर करत होते. त्यामागचा विचार साधा होता. लाडावलेल्या पिकात जो काटकपणा उरलेला नाही, तो त्याच्या रानटी भाऊबंदांत आणि डोंगरातल्या गावरान वाणांत सापडेल. मेक्सिकोत मका समुद्रकाठी होतो आणि दहा हजार फुटांच्या थंडीतही होतो. पांढरा, पिवळा, निळा, लाल, जवळजवळ काळा. नायारीत प्रांतातल्या हाला गावचा मका त्याच्या हातभर लांब कणसासाठी प्रसिद्ध. तोलुका खोऱ्यात पालोमेरो नावाचा, लाह्या फुटणारा टोकदार दाण्यांचा मका. तोर्तियाला एक, खीरवजा पेयाला दुसरा, पोसोले नावाच्या रश्श्याला तिसरा. आपल्याकडे भाताला आंबेमोहर, पोह्यांना वेगळा, खिरीला वेगळा तांदूळ असतो तसेच. हे सगळे वाण कुठल्या प्रयोगशाळेने केलेले नाहीत. शेतकरी बायामाणसांनी दरवर्षी कणसांच्या ढिगातून पुढच्या पेरणीसाठी चांगली कणसे बाजूला काढून ठेवली, त्यातून हे तयार झाले. आज मेक्सिकोत मक्याचे सुमारे ६० मुख्य प्रकार मोजतात आणि प्रत्येकाच्या पोटात गावागणिक फरक.

खानखोजे यांनी या गावरान मक्यावर काम केले. दुष्काळाला आणि कडाक्याच्या थंडीला टिकणारे वाण काढण्याचा त्यांचा प्रयत्न होता. मक्याच्या नव्या वाणांवर १९३० साली त्यांची पुस्तिका निघाली. पुढे १९३६ साली बोटांसारखे फाटे फुटलेल्या कणसाच्या एका मक्यावर त्यांनी आणखी एक पुस्तिका लिहिली. त्या मक्याला ग्रानादा असे नाव होते. गहू, कडधान्ये, रबर यांवरही त्यांनी संशोधन केले. मक्याइतके ते आमच्या वाचनात आले नाही.

एकटे संशोधन करून ते थांबले नाहीत. क्रांतीनंतर मेक्सिकोत जमीन मिळालेला शेतकरी होता, पण त्याला अक्षरओळख नव्हती. त्याच्यासाठी १९२८ च्या सुमारास खानखोजे यांनी मित्रांच्या मदतीने मोफत शेतीशाळा काढल्या. शिकवायचे प्रत्यक्ष शेतात. त्यांच्या मित्रमंडळात तीना मोदोत्ती ही इटलीत जन्मलेली प्रसिद्ध छायाचित्रकार होती. तिने त्यांच्या मक्याचे आणि शेतीशाळांचे फोटो काढले. चित्रकार दिएगो रिव्हेरा हेही मित्र. मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या इमारतीच्या भिंतीवर रिव्हेरांनी १९२८ साली रोजच्या भाकरीवर एक चित्र काढले. एका टेबलाभोवती वेगवेगळ्या वर्णांची माणसे बसली आहेत आणि मध्यभागी बसून भाकरी वाटणारा जो माणूस आहे, त्याचा चेहरा वर्ध्याच्या खानखोजे यांचा आहे. कुणी मेक्सिकोला सुट्टीवर जाणार असेल तर कान्कूनच्या किनाऱ्यावरून एक दिवस काढून हे पाहून यावे. आम्ही अजून पाहिलेले नाही, त्यामुळे सल्ला देण्याचा अधिकार आम्हाला कितपत आहे ते तुम्हीच ठरवा.

इथे एक प्रामाणिक खुलासा करायला हवा. गावरान वाण जपणारे, अशी खानखोजे यांची आज ओळख करून दिली तर ती अर्धीच खरी ठरेल. ते नवे वाण काढणारे होते. शेतकऱ्याच्या घरात जास्त धान्य यावे एवढे त्यांना हवे होते. पण चांगले नवे बी आले की जुने बी मागे पडते, आणि एकदा ते दोन-चार वर्षे पेरले गेले नाही की संपते. त्याच काळात हे काही जणांच्या ध्यानात येऊ लागले होते. रशियाचे निकोलाय वाव्हिलोव्ह जगभर हिंडून पिकांच्या जुन्या वाणांचे बी गोळा करत होते. १९३० साली ते मेक्सिकोतही येऊन गेले. अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनने मेक्सिकोच्या शेतीला मदत करायचे मनात आणले, तेव्हा १९४१ साली बर्कलीचे भूगोलाचे प्राध्यापक कार्ल सॉअर यांनी त्यांना बजावले की अमेरिकेतली मोजकी बियाणी तिकडे रेटली तर तिथली हजारो वर्षांची संपत्ती बुडेल. फाउंडेशनचे काम १९४३ साली सुरू झालेच. गव्हाच्या बाबतीत त्यातून नॉर्मन बोरलॉग यांचे वाण आले. ते पुढे भारतात पोहोचले आणि लाखो लोकांच्या ताटात पोळी आली. हे ऋण आम्ही नाकारणार नाही. पण सॉअर यांचे म्हणणेही वाया गेले नाही. त्याच कार्यक्रमातल्या शास्त्रज्ञांनी गावोगाव फिरून गावरान मक्याची कणसे जमवली. मेक्सिकोतल्या मक्याच्या प्रकारांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला. एफ्राइम एर्नांदेस हे त्याच्या लेखकांपैकी एक. आज चापिंगोपासून जवळच एल बातान इथे मका आणि गहू यांचे आंतरराष्ट्रीय केंद्र आहे. तिथल्या थंड कोठारात मक्याचे सुमारे २८ हजार नमुने ठेवलेले आहेत.

एवढे नमुने कशाला, असे मुले विचारतील. त्याचे उत्तर आपल्या अमेरिकेनेच १९७० साली दिले. संकरित मक्याचे बी तयार करताना तुरे हाताने खुडावे लागत. ते काम वाचवण्यासाठी टेक्सासमध्ये सापडलेल्या एका जातीचा उपयोग सुरू झाला, कारण तिच्या तुऱ्यात परागच धरत नसत. सोय इतकी मोठी की पाहता पाहता देशातल्या बहुतेक संकरित बियाण्यात ती जात उतरली. वरून शेते वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांची, आतून सगळ्यांची ती एक बाजू सारखी. मग करपा रोगाची अशी एक बुरशी आली की तिला नेमकी तीच बाजू आवडली. एका हंगामात देशातला सुमारे १५ टक्के मका गेला. आमच्या धंद्यातल्या मंडळींना हे समजावून सांगायला नको. कचेरीतल्या सगळ्या यंत्रांवर एकच प्रणाली असली की एक किडा सगळ्यांना एकाच सकाळी झोपवतो.

आणि त्याच मंडळींना हेही ठाऊक असेल की बॅकअप घेतला म्हणजे काम झाले असे नसते. आम्ही स्वतः एकदा एका जुन्या नोकरीत टेपांची थप्पी कपाटात जपून ठेवली आणि गरज पडली त्या दिवशी त्यांतली एकही वाचता येईना. बियाण्याचेही तसेच. थंडीत ठेवले तरी ते म्हातारे होते. काही वर्षांनी काढायचे, उगवते का ते पाहायचे, पेरायचे आणि नवे बी भरून ठेवायचे. मक्याला तर वाऱ्याबरोबर शेजारचे परागकण लागतात, म्हणून कणसांना पिशव्या बांधून हाताने पराग घालावे लागतात. शिवाय कोठारातले बी जिथे थांबले तिथेच थांबते. शेतातले बी दरवर्षी नव्या उन्हापावसाशी जुळवून घेत राहते. म्हणून दोन्ही हवे, कोठारही आणि पेरणारा शेतकरीही. खानखोजे शेतकऱ्यांच्या शाळेत जाऊन बसले, ते आम्हाला म्हणूनच फार महत्त्वाचे वाटते.

घरची गोष्ट राहिली. १९३६ साली मेक्सिकोत त्यांनी जाँ सिंदिक या बेल्जियन बाईंशी लग्न केले. त्यांना सावित्री आणि माया अशा दोन मुली झाल्या. १९४७ साली भारत स्वतंत्र झाला. ज्यासाठी हा माणूस विशीत घर सोडून गेला होता ते झाले. आता परत जायला हरकत नव्हती. पण त्यांनी अर्ज केला तर व्हिसा नाकारला गेला, कारण इंग्रजांनी केलेली बंदीची नोंद कागदोपत्री तशीच होती. इंग्रज गेले, यादी राहिली. शेवटी ती अडचण दूर झाली आणि १९५० च्या दशकात ते नागपूरला येऊन राहिले. तिथेच जानेवारी १९६७ मध्ये ते वारले. त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी पुढे त्यांचे चरित्र इंग्रजीत लिहिले. मोठ्या मुलांनी ते जरूर वाचावे. २०२२ साली चापिंगोला त्यांचा पुतळा बसला. भारताच्या लोकसभेचे अध्यक्ष त्यासाठी तिकडे गेले होते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सहा तास गाडी हाकून मुद्दाम पुलमनला जाऊन आलो. चोहीकडे गव्हाच्या टेकड्या, मधे विद्यापीठ. खानखोजे शिकले त्या गावात आज अमेरिकन सरकारचे बियाणे जपण्याचे एक केंद्र आहे, आणि तिथे काय असावे? हरभरा, मसूर, वाटाणा, घेवडा, करडई. आपले किराणा दुकानच म्हणा ना. जगभरातून आणलेले हजारो नमुने आणि त्यांत भारतातून आलेला हरभराही. कॉर्व्हालिसलाही असेच एक केंद्र १९८१ पासून आहे. तिथे नासपती, स्ट्रॉबेरी, हेझलनट यांची झाडेच्या झाडे जपतात, कारण नासपतीचे बी पेरले तर तीच नासपती येत नाही. ज्या दोन गावांत हा माणूस शेतकी शिकला, त्या दोन्ही गावांत आज जुने वाण सांभाळले जातात. यात त्यांचा काही हात नाही, केवळ योगायोग. पण आम्हाला गाडीत परत येताना सारखे तेच आठवत होते.

पालकांसाठी एक सूचना. भारतातून येताना आजीने दिलेल्या वालाच्या बियांची पुडी सामानात घालून आणू नका. आम्ही आणली होती. विमानतळावर तपासणाऱ्याने ती हातात घेतली, हसला आणि पिंपात टाकली. आजीने वीस वर्षे परसात जपलेले बी होते ते. राग आला, पण बियांबरोबर रोगही प्रवास करतात आणि करप्याची गोष्ट आम्ही वर सांगितलीच आहे. परवाना काढून, तपासून आणण्याची रीतसर वाट आहे. आमच्या सौंनी आता ती धरली आहे. आजीकडे अजून अर्धी बरणी शिल्लक आहे.

पुढच्या मे महिन्यात शाळेमागच्या वाफ्यात आम्ही निळा मका लावणार आहोत. त्याचे बी इथेच मिळते. अॅरिझोनातल्या होपी लोकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या राखला आहे. एकट्या रोपाला परागकण मिळत नाहीत, म्हणून चार-चार रोपांच्या चार रांगा हव्यात. तेव्हा सोळा मुलांनी नावे द्यावीत. कणसे आली की ओळी मोजू. विषम निघाल्या तर श्रीखंड अजून लागू आहे.